एकट्याने गेम करायला घेताय? एका वर्षाचा हिशोब

माझा गेम दिवाळीच्या सुमारास खेळता येण्याजोगा झाला होता. विक्रीला आला तो पुढच्या आषाढात. मधले महिने मी काय करत होते हे घरच्यांना अजून नीट उलगडलेलं नाही, आणि या क्षेत्रात येऊ पाहणारी मुलंमुली मला जे विचारतात त्यात तर हा काळ नसतोच. त्यांचे प्रश्न ठरलेले: प्रोग्रॅमिंगची कोणती भाषा शिकू, कुठलं इंजिन (गेम ज्यावर बांधतात ते सॉफ्टवेअर) घेऊ, कोर्स करू का. प्रश्न रास्त आहेत, इंजिन आणि कोर्सबद्दल पुढे लिहितेच. पण एकट्याने गेम करायचा तर गेम बनवणं हे निम्मंच काम. उरलेल्या निम्म्याला वर्षात जागा ठेवली नाही, तर गेम लॅपटॉपच्या बाहेर पडत नाही.

आधी पैशांचं, कारण ते कोणी विचारत नाही. मी पुण्यात मोबाइल गेमच्या एका कंपनीत टेस्टर होते. ती नोकरी सोडली आणि कोल्हापूरला घरी आले. भाडं नाही, जेवण घरचं, वर फ्रीलान्स टेस्टिंगची कामं चालूच ठेवली. यातलं काही नसतं तर मी नोकरी सोडली नसती, आणि तुम्हालाही सोडायला सांगणार नाही. नोकरी सांभाळून शनिवार-रविवारी करणाऱ्याचा गेम उशिरा होतो एवढंच. दर महिन्याच्या एक तारखेला घाम फुटत असेल तर डिझाइनचे निर्णय चुकायला लागतात, हे मी जवळून पाहिलंय.

आणि नातेवाइकांची तयारी ठेवा. ‘गेम बनवते’ म्हटलं की समोरून ‘ते रमीचं का?’ हे येतंच. गेम बाजारात येऊन थोडेच दिवस झाले होते, तेवढ्यात ऑगस्ट २०२५मध्ये पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा केंद्राचा कायदा आला. त्याच संध्याकाळी मावशीचा फोन, ‘‘तुझं पण बंद झालं का गं?’’ एकदा विकत घेऊन खेळायच्या, काहीही पणाला न लावायच्या गेमशी त्या बंदीचा संबंध नाही, हे समजावण्यात अर्धा तास गेला. मावशीला पटलं की नाही, ठाऊक नाही.

आता इंजिन. मी गोडॉट घेतलं. फुकट आहे, एमआयटी लायसन्सवर आहे, म्हणजे उद्या गेम चालला तरी कोणी हिस्सा मागायला येत नाही. सप्टेंबर २०२३मध्ये युनिटी या दुसऱ्या इंजिनच्या कंपनीने गेम जितक्यांदा इन्स्टॉल होईल त्या हिशोबाने शुल्क लावायचं जाहीर केलं होतं, तेव्हा अनेक जण तिकडून इकडे आले. वर्षभराने युनिटीने ते शुल्क रद्द केलं, पण धसका बसायचा तो बसलाच. नोकरीसाठी शिकत असाल तर मात्र युनिटी किंवा अनरियल शिका. स्टुडिओंच्या जाहिरातींत तीच नावं असतात.

माझं कारण आणखी एक होतं: मराठी अक्षरं. गेममधला मजकूर मला मराठीत हवा होता. गोडॉटच्या तिसऱ्या आवृत्तीत ‘कि’ लिहिलं की वेलांटी क-च्या उजवीकडे जाऊन उभी राहायची, जोडाक्षरं सुटी पडायची. मार्च २०२३मध्ये आलेल्या चौथ्या आवृत्तीत अक्षरं जुळवायची यंत्रणा मुळातून बदलली आणि देवनागरी सरळ दिसू लागली. तरी काम संपत नाही. मराठी वळणाचा ल आणि श हवा असेल तर त्याची सोय असलेला फॉन्ट लागतो आणि मजकुराची भाषा मराठी आहे असं इंजिनला सांगावंही लागतं. नाहीतर हिंदी वळण येतं. ‘दऱ्या’, ‘पायऱ्या’ हे शब्द मी प्रत्येक फॉन्टमध्ये सगळ्यात आधी टाइप करून बघते. त्यातला अर्धा र नीट आला तर पुढे बोलायचं. बटणांवरही लक्ष हवं. इंग्रजी चार अक्षरांत मावतं तिथे ‘सुरुवात करा’ बसत नाही, आणि वरच्या मात्रा कापल्या जातात. मराठीत गेम करायचा असेल तर हे पहिल्या आठवड्यात तपासा. शेवटी तपासलंत तर सगळे मेनू पुन्हा मांडावे लागतील.

गेम एसटी स्टँडचा आहे. तुम्ही वाहतूक नियंत्रक. गाड्या आत येतात, कुठली गाडी कुठल्या फलाटावर लावायची ते तुम्ही ठरवायचं, आणि वेळापत्रक कोलमडू द्यायचं नाही. एका पडद्यावर मावणारी जागा, वरून दिसणारी चित्रं, एकच क्रिया: गाडी उचलून फलाटावर नेणं. नवीन माणसाने पहिल्या गेमसाठी एवढ्याच आकाराचं काही घ्यावं असं माझं ठाम मत आहे. खुलं जग, अनेक खेळाडू, लांबलचक गोष्ट यांतलं काहीही पहिल्या वर्षात घेऊ नका. चित्रं मोठी होतात म्हणून हे सांगत नाहीये, तपासायला माणसं नसतात म्हणून सांगतेय. एकट्या माणसाला जेवढं पुन्हा पुन्हा खेळून तपासता येईल तेवढाच गेम त्याला झेपतो.

पहिला नमुना मी काडेपेट्यांचा केला. जेवणाच्या टेबलावर खडूने फलाट आखले आणि काडेपेट्या सरकवत बसले. संगणकावर जायच्या आधीच कळलं की खेळात पेच नाहीये. गाडी आली, रिकाम्या जागी लावली, संपलं.

पेच सापडला तो आमच्या गल्लीतल्या काकांमुळे. ते एसटीतून नियंत्रक म्हणून निवृत्त झालेत. मी लॅपटॉप त्यांच्यासमोर ठेवला, काही बोलले नाही. त्यांनी एक गाडी लावली, ती माझ्या गेममध्ये फलाटावरून सरळ पुढे निघून गेली, आणि काका हसायला लागले. ‘‘अशी कुठं जाती व्हय गाडी? तोंड फलाटाकडं असतंय. मागं घ्यावी लागती. कंडक्टर शिट्टी मारत मागं उभा असतोय.’’ मी शेकडो वेळा स्टँडवर उभी राहिलेय, हे डोळ्यांना दिसत होतं, पण खेळात आलं नव्हतं. गाडीला बाहेर पडायला मागे मोकळी जागा लागते, हा एक नियम घातला आणि सगळा खेळच बदलला. आता शेजारच्या फलाटावरची गाडी कधी निघणार याचा विचार केल्याशिवाय कुठलीच गाडी लावता येईना. रिकामा फलाट दिसतोय, पण तिथे गाडी लावली तर सांगलीची अडकते. त्या दिवसापासून माझा गेम सुरू झाला असं मी धरते.

काकांनी दिलेली दुसरी गोष्ट म्हणजे घंटी. एक घंटी थांबायची, दोन घंट्या निघायच्या. गाडी बरोबर लागली की एक टोल, वेळेवर सुटली की दोन. त्यामुळे पडद्यावरच्या सूचना निम्म्या झाल्या. आवाज मी स्वतः रेकॉर्ड केले. इंटरनेटवरून घेतलेत तर परवाना वाचा. क्रिएटिव्ह कॉमन्समध्ये ‘व्यापारी वापर नको’ असं कलम असलेला आवाज विकायच्या गेममध्ये चालत नाही. माझी गाडी लाल आहे, पण महामंडळाचं बोधचिन्ह गेममध्ये कुठेही नाही, तेही याच कारणाने.

लोकांना खेळायला देताना एक पथ्य पाळा: तोंड बंद ठेवा. ‘तिथं नाही, इथं क्लिक कर’ हे ओठांवर येतं, ते गिळा. एक मावसभाऊ गाडी फलाटाच्या जेमतेम बाहेर सोडत होता आणि ती परत दारात जात होती. तिसऱ्यांदा तसं झाल्यावर तो म्हणाला, ‘‘तुझा गेम बिघडलाय.’’ कोडच्या हिशोबाने बिघाड नव्हता. त्या रात्री मी प्रत्येक फलाटाची ‘पकड’ चित्रापेक्षा सगळ्या बाजूंनी मोठी केली. दिसतो तेवढाच फलाट, पण आसपास सोडलेली गाडीही ओढली जाते. उड्या मारायच्या गेममध्ये कडा सुटल्यावरही क्षणभर उडी मारू देतात, तीच युक्ती. खेळणाऱ्याला हे कळत नाही, त्याला फक्त गेम ‘छान वाटतो’. सेकंदाला साठ फ्रेम (पडद्यावर उमटणारी चित्रं) म्हणजे एका फ्रेमला साधारण १६.७ मिलिसेकंद, असल्या पाच-सहा फ्रेमच्या सवलतींवर गेमचा हात बसतो किंवा फसतो.

दिवाळीला हे सगळं होतं. राहिलं होतं ते असं: सेव्ह करणं, आवाज कमी-जास्त करणं, पडद्याचा आकार, कंट्रोलर, मध्येच लॅपटॉप बंद झाला तर काय, रंग ओळखता न येणाऱ्यांसाठी फलाटांवर आकडे, पहिली पाच मिनिटं शिकवणारा भाग. यातलं काहीच कोणाला दाखवून टाळ्या मिळत नाहीत. टेस्टर असल्याचा फायदा मला इथे झाला. कंटाळवाणं काम यादी करून उरकायची सवय होती.

आणि मग दुकान. स्टीम या संगणकावरच्या गेमच्या ऑनलाइन दुकानात गेम लावायला प्रत्येक गेममागे १०० डॉलर भरावे लागतात, म्हणजे तेव्हाच्या भावाने साडेआठ हजारांच्या आसपास. विक्री हजार डॉलरवर गेली की ते परत मिळतात. पैसे भरल्यापासून ३० दिवस गेम विकायला काढता येत नाही, आणि ‘लवकरच येत आहे’ हे पान किमान दोन आठवडे उघडं असावं लागतं. शिवाय पान आणि गेम दोन्हींची तपासणी होते, तिला काही कामाचे दिवस जातात. म्हणून कागदपत्रं आधी. पॅनवरचं, बँकेतलं आणि अर्जातलं नाव एकच ठेवा. अमेरिकी कराचा फॉर्म भरताना पॅन देऊन भारत-अमेरिका कर कराराचा लाभ मागा. तिथल्या विक्रीतल्या तुमच्या हिश्शावर ३० ऐवजी १५ टक्के कापले जातात.

आकडा मांडूनच बघा. अमेरिकेत गेम पाच डॉलरला विकला गेला, तर दुकानाचे ३० टक्के जाऊन साडेतीन उरतात, त्यातून १५ टक्के कर गेला की तीन डॉलरपेक्षा थोडे कमी. त्यात पैसे परत मागणारे वजा करा. विकत घेतल्यापासून १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलेला गेम परत करता येतो. माझ्यासारखा लहान गेम पूर्ण खेळूनही माणूस परत करू शकतो. राग येतो. नियम सगळ्यांना सारखा आहे, पुढे चला. परदेशात कापलेल्या कराचं क्रेडिट इथे कसं घ्यायचं आणि जीएसटीचं काय, हे सीएला विचारा, तेही पहिले पैसे यायच्या आधी.

पान उघडल्यावर मोजायची गोष्ट म्हणजे विशलिस्ट, पुढे घ्यायच्या गेमची खेळणाऱ्यांची यादी. ज्यांनी गेम विशलिस्टमध्ये टाकलाय त्यांना तो आला की मेल जातो, नंतर २० टक्के किंवा जास्त सवलत दिली की पुन्हा जातो. म्हणून पान शेवटच्या महिन्यात उघडणं म्हणजे फुकटची दवंडी नाकारणं. नेक्स्ट फेस्ट, म्हणजे येऊ घातलेल्या गेमच्या डेमोंचा स्टीमवरचा महोत्सव, वर्षातून तीनदा असतो, पण एका गेमला एकदाच भाग घेता येतो. डेमो पक्का झाल्याशिवाय ती संधी वापरू नका. मी जूनचा धरला आणि पुढच्याच महिन्यात गेम आणला. मुखपृष्ठाचं चित्र मात्र मी केलं नाही. चित्रकाराला पैसे देऊन करून घेतलं, आणि वर्षभरातला सगळ्यात सार्थकी लागलेला खर्च तोच.

गेम आल्यावर पहिल्या दहा अभिप्रायांपर्यंत पानावर एकूण मत दिसतच नाही. ओळखीच्यांना ‘लिही रे’ म्हणून गळ घालावीशी वाटते, पण विकत घेऊन खेळलेल्या अनोळखी माणसानेच लिहिलेलं बरं. माझ्या जुन्या पगाराची बरोबरी गेमने केलेली नाही. पुढच्या गेमला हात घालण्याइतके पैसे दिलेत, फ्रीलान्स काम चालू आहे.

कोर्सचं राहिलं. पदवीच हवी असेल तर एनआयडी या राष्ट्रीय डिझाइन संस्थेच्या बंगळुरू केंद्रात डिजिटल गेम डिझाइनचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे. नोकरीच हवी असेल तर पुण्यात युबिसॉफ्टसारखे स्टुडिओ आहेत, आणि टेस्टिंग हे आत शिरायचं खरंखुरं दार आहे. तिथे बग, म्हणजे गेममधले बिघाड, नीट नोंदवायला शिकता, म्हणजेच गेम कसा मोडतो ते शिकता. पण पदवी असो वा नसो, आधी दोन-तीन गेम जॅम करा, म्हणजे ठरलेल्या थोड्या वेळात गेम बनवायचे उपक्रम. ग्लोबल गेम जॅम दरवर्षी जानेवारीअखेरीच्या सुमारास असतो. ४८ तासांत जे होईल ते इच डॉट आयओ या छोट्या गेमच्या साइटवर टाका, ब्राउझरमध्ये चालेल असं. मुलाखतीत कोणी तुमच्या गुणपत्रिकेपेक्षा ती लिंक आधी उघडेल. आणि पहिल्या दिवसापासून गिट, म्हणजे कोडमधल्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारं साधन, वापरा. यावर वाद घालत नाही.

सध्या एका अभिप्रायावर काम चाललंय. कोणीतरी लिहिलं की स्टँड आहे पण मुक्कामी गाड्या कुठायत? बरोबर आहे. रात्री येऊन पहाटे सुटणारी गाडी घालायची तर दिवस संपल्यावरही स्टँड लक्षात ठेवावा लागेल, म्हणजे सेव्ह फाइलचा साचा बदलणार, आणि जुन्या फाइल्स नव्या आवृत्तीत उघडल्याच पाहिजेत. त्याचीच यादी करतेय.