वेंगुर्ल्याची संध्याकाळ टिपताना: बेळगावकडच्या छायाचित्रकारांसाठी

बेळगाव, खानापूर किंवा निपाणीहून कॅमेरा घेऊन समुद्राकडे निघालेला माणूस बहुधा मावळता सूर्य घेऊन परततो. माझ्याही संग्रहात पहिली काही वर्षे नुसत्या तांबड्या गोळ्यांची भर पडत होती आणि त्यांतला वेंगुर्ल्याचा कोणता व कारवारचा कोणता, हे तारीख पाहिल्याशिवाय मलाही सांगता येत नसे. ज्याला गाव टिपायचे आहे, त्याने बंदरावर पोहोचल्यावर समुद्राकडे पाठ करून उभे राहावे. पश्चिमेकडून आडवा येणारा प्रकाश ज्या चिऱ्यांवर, कौलांवर आणि ओढून ठेवलेल्या होड्यांवर पडतो, तेच त्या वेळचे खरे विषय आहेत.

वेंगुर्ल्याशी आपला संबंध जुना आहे. सतराव्या शतकात डचांनी येथे वखार घातली, १८१२ मध्ये सावंतवाडीकरांकडून हे बंदर इंग्रजांकडे गेले आणि लोहमार्ग येण्यापूर्वी बेळगावची छावणी व बाजारपेठ यांचा बराच माल याच बंदरातून घाटमार्गे वर येत असे. आज हिंडलगा, शिनोळी, चंदगड, आंबोली असा तोच प्रवास उलट्या दिशेने करताना दुपारी चारच्या आत गावात पोहोचेल अशा बेताने निघावे, कारण प्रकाश चांगला होण्याआधी जागा हेरून ठेवणे हे अर्ध्याहून अधिक काम आहे.

वेळेचे गणित आपल्याला घरबसल्या करता येते. बेळगाव आणि वेंगुर्ले जवळजवळ एकाच अक्षांशावर आहेत. रेखांशातील फरकामुळे तेथे सूर्य आपल्यापेक्षा सुमारे साडेतीन मिनिटे उशिरा मावळतो, एवढेच. डिसेंबरच्या आरंभी मावळतीची वेळ साधारण सहा, तर जूनअखेरीस सात वाजून दहा मिनिटांच्या आसपास असते. आपल्या अक्षांशावर सूर्य क्षितिजाकडे बराच सरळ उतरतो; त्यामुळे मावळतीआधीच्या ज्या मऊ, पिवळसर प्रकाशाच्या वेळेला छायाचित्रकार सोनेरी तास म्हणतात, ती वेळ आपल्याकडे जेमतेम पंचवीस-तीस मिनिटांची असते आणि मावळतीनंतरचा उपयुक्त संधिप्रकाशही वीस-बावीस मिनिटांत सरतो. मावळतीची जागा मात्र वर्षभरात सुमारे ४९ अंशांनी सरकते. नोव्हेंबरात उजळून निघालेली गल्ली मे महिन्यात सावलीत सापडू शकते; नेमक्या पूर्व-पश्चिम गल्ल्यांत प्रकाश थेट आतपर्यंत शिरतो तो २१ मार्च आणि २३ सप्टेंबर यांच्या आगेमागे. एखादी संध्याकाळ आधी येळ्ळूरच्या राजहंसगडावर घालवून तटाच्या दगडांवर प्रकाश कसा बदलतो, हे घड्याळ लावून पाहिल्यास वेंगुर्ल्यात गडबड होत नाही.

वखारीच्या पडक्या भिंती आणि गावातील जुनी घरे यांत जांभा भरपूर दिसतो. जांभ्याचा पृष्ठभाग भोकाभोकांचा असतो. समोरून प्रकाश पडला तर तो सपाट आणि निर्जीव दिसतो, पण भिंतीला घासून जाणारा तिरपा प्रकाश प्रत्येक खळग्यात सावली भरतो. म्हणून भिंतीसमोर न थांबता तिच्या कडेने चालत जावे आणि सावल्या सर्वांत लांब दिसतील तेथे थांबावे. कॅमेऱ्याचा व्हाइट बॅलन्स (रंगछटा ठरवणारी सोय) ‘ऑटो’वर ठेवू नये, कारण कॅमेरा संध्याकाळच्या प्रकाशातला तांबूसपणा दोष समजून धुऊन काढतो, ‘डेलाइट’ ठेवल्यास जांभ्याचा रंग टिकतो. आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) १०० आणि एफ/८ (लेन्सच्या छिद्राचे माप) येथून आरंभ करावा. मोबाइल वापरत असाल तर पडद्यावर उजळ भागाला स्पर्श करून उजेड थोडा खाली ओढावा. सावल्यांतला तपशील पुढे उजळता येतो, परंतु पांढरे पडलेले आकाश परत मिळत नाही.

निघण्याचा दिवस पंचांग पाहून ठरवावा, असा माझा आग्रह आहे. किनाऱ्यावर तिथीच्या पाऊणपटीने भरतीची वेळ काढण्याचा ठोकताळा प्रचलित आहे: अष्टमीला भरती सहाच्या सुमारास, तर पौर्णिमा-अमावास्येला ती अकरा-बाराला येते. म्हणजे अष्टमीच्या संध्याकाळी पाणी चढलेले असते आणि पौर्णिमा-अमावास्येच्या संध्याकाळी मोठी ओहोटी लागून ओल्या वाळूचा विस्तीर्ण आरसा मिळतो. त्यातही मला शुक्ल चतुर्दशी सर्वांत प्रिय आहे, कारण त्या दिवशी चंद्र सूर्यास्ताच्या आधीच पूर्वेला, गावाच्या बाजूला वर आलेला असतो आणि कौलांवर ऊन असतानाच तो चित्रात घेता येतो. पौर्णिमेला तो मावळतीच्या सुमारास उगवतो. तो पुरेसा वर येईपर्यंत खालचे गाव काळवंडते.

सूर्य बुडाला की बहुतेक लोक गाडीकडे वळतात. त्याच वेळी तिपाई उघडावी. मावळतीनंतर साधारण पंधरा मिनिटांनी आकाशाचा निळा उजेड आणि बाजारातील दिव्यांचा पिवळा उजेड समतोल होतात आणि तो समतोल काही मिनिटेच राहतो. एक-दोन सेकंदांचे एक्स्पोजर (कॅमेऱ्यात प्रकाश येऊ देण्याचा काळ), दोन सेकंदांचा टायमर आणि आधी ठरवून ठेवलेली एकच चौकट पुरेशी आहे. या अवधीत जागा बदलत राहिल्यास हाती काहीच लागत नाही.

रापण, म्हणजे किनाऱ्यावरून दोरीने ओढायचे मासेमारीचे मोठे जाळे, ओढणाऱ्यांची किंवा जाळी विणणाऱ्यांची छायाचित्रे घ्यायची असल्यास कॅमेरा खाली ठेवून आधी विचारावे. रापण ओढली जात असताना दोरीच्या मार्गात उभे राहू नये. तो त्यांच्या पोटापाण्याचा वेळ असतो. काढलेली छायाचित्रे नंतर त्यांच्यापर्यंत पोहोचवावीत.

परतीला लागण्यापूर्वी लेन्सवरचा खार काढावा. आधी ब्लोअरने (हवा फुंकणाऱ्या रबरी फुग्याने) वाळूचे कण उडवावेत, मग किंचित ओलसर मऊ कापडाने पुसावे. कोरड्या कापडाने घासल्यास मीठ आणि वाळू मिळून काचेवर ओरखडे पाडतात. तिपाईचे पाय घरी आल्यावर गोड्या पाण्याने धुऊन, उघडे ठेवून वाळवावेत.