मोठ्या मापाचा सैनिक: कापड, चामडं, पितळ

लहान मापाच्या मॉडेल-सैनिकावर सावल्या आपणच रंगवायच्या असतात. १/१६ मापाला, म्हणजे बारा सेंटिमीटरच्या आसपासच्या पुतळ्याला, घड्या चांगल्या खोल असतात आणि बरीचशी सावली खोलीतला दिवाच पाडतो. म्हणून मी सगळा जीव ओततो तो पोत आणि चमक यांवर. लोकर कोरडी दिसली पाहिजे, बूट चामड्याचेच वाटले पाहिजेत. नेपोलियनच्या ओल्ड गार्डचा, म्हणजे त्याच्या निवडक रक्षकदलाचा, ग्रेनेडियर (पायदळातला सैनिक) यासाठी उत्तम: गडद निळा कोट, छातीवर पांढरा भाग, खांद्यांवर लाल झालरीचे इपॉलेट, अस्वलाच्या केसांची उंच टोपी, सगळं एकाच अंगावर.

आधी रेझिनचे (साच्यात ओतलेल्या प्लास्टिकचे) भाग कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाने, जुन्या टूथब्रशने धुवा. साच्याला लावलेला तेलकट थर राहिला तर रंग धरत नाही. साच्याच्या रेषा ओल्या पॉलिशपेपरने घासा आणि तोंडाला मास्क लावाच. रेझिनची धूळ छातीत जाता कामा नये. हातापायांच्या जोडांत एक मिलिमीटरचं भोक पाडून पितळी तार घाला, नुसत्या सुपरग्लूवर भरवसा नको. फटी इपॉक्सी पुट्टीने (दोन भाग मळून कडक होणाऱ्या लुकणाने) भरा. डोकं आणि बंदूक मात्र सुटीच ठेवा, नाहीतर छातीवरच्या पट्ट्यांपर्यंत ब्रश पोचत नाही. मग करड्या प्रायमरचा, म्हणजे रंगाखालच्या पहिल्या थराचा, पातळ हात.

चेहऱ्याला मी ऑइल कलरच वापरतो, कारण ते सावकाश वाळतात आणि छटा एकमेकींत मिसळायला सवड मिळते. रंग आधी पुठ्ठ्यावर पिळून ठेवा. पुठ्ठा जादा तेल शोषतो आणि त्वचा तुकतुकीत दिसत नाही. यलो ऑकर, बर्न्ट सिएना आणि टायटॅनियम व्हाइट हा पाया. गाल-नाकाला लालसर झाक, हनुवटीला किंचित करडी. डोळा या मापात जेमतेम दोन मिलिमीटर रुंद. त्यात शुद्ध पांढरा भरला की सैनिक दचकल्यासारखा दिसतो. पांढऱ्यात कणभर करडा आणि गुलाबी मिसळा. बुबुळाचा वरचा भाग पापणीखाली झाकला जाऊ द्या. पापणीची रेघ काळी नको, गडद तपकिरी ओढा. या ग्रेनेडियरांच्या भरघोस मिशा आणि कानातल्या सोन्याच्या बाळ्या विसरू नका.

कोटाच्या निळ्यात उजळपणासाठी पांढरा घातला की तो पिठूळ दिसतो. त्याऐवजी त्वचेचा रंग थोडा मिसळा. छातीचा पांढरा भाग उबदार फिकट करड्यावरून चढवा आणि शुद्ध पांढरा फक्त कडांना ठेवा. टोपीवर काळ्यावर तपकिरी, केसांच्या दिशेने, एकेक फटकारा.

चेहऱ्याचे ऑइल पूर्ण वाळल्यावर सगळ्यावर मॅट (बिनचमकीचं) वार्निश. त्यानंतर काडतुसांची पेटी आणि बूट यांना सॅटिन, म्हणजे हलक्या चमकीचं वार्निश. छातीवरचे आडवे पट्टे चामड्याचे असले तरी सैनिक त्यांना पांढरी माती चोपडून ठेवत, म्हणून ते मॅटच राहू द्या. गुंड्या आणि टोपीवरची पितळी पट्टी मॅट वार्निशनंतर रंगवा. आधी रंगवली तर धातूची चमक मरते.

बंदूक आणि डोकं शेवटी चिकटवा, तेही इपॉक्सी गोंदाने. सुपरग्लूच्या वाफेने आजूबाजूच्या वार्निशवर पांढरट साय धरते आणि गडद निळ्यावर ती लगेच नजरेत भरते.