कॅश काउंटरवरची जीभ: बडोद्यातली अडीच वर्षं

ट्रेनिंगच्या तीन दिवसांत मला बिलिंगचं सॉफ्टवेअर शिकवलं, गल्ला जुळवायला शिकवलं, खोटी पाचशेची नोट ओळखायला शिकवली. तोंड कधी बंद ठेवायचं ते कुणी शिकवलं नाही. ते मी बटाट्यांवरून शिकले.

बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला असताना जुन्या पादरा रोडवरच्या एका मोठ्या सुपरमार्केटात मी संध्याकाळच्या शिफ्टला कॅशिअर म्हणून लागले. घर दांडिया बाजारातल्या मराठी वस्तीत, त्यामुळे घरी मराठी, काउंटरवर गुजराती आणि मॅनेजरशी हिंदी, असा अडीच वर्षांचा संसार. आता ते काम सुटलं, पण नात्यातल्या, ओळखीतल्या मुली अजून विचारतात, ‘ताई, जमेल का गं मला?’ जमतं. वेग पंधरा दिवसांत येतो, हिशोब महिनाभरात. वेळ लागतो तो गिऱ्हाइकाच्या टोपलीकडे बघून न बघितल्यासारखं करायला.

कारण दिवसभर तुमच्या हातून लोकांची घरं सरकत असतात. कुणाकडे पाहुणे आलेत, कुणाला डायबेटिस निघालाय, कुणाच्या घरात आता एकच माणूस जेवतं, सगळं त्या पट्ट्यावर मांडलेलं असतं. हात आपोआप चालतात, डोकं रिकामं असतं, आणि वरून मॅनेजर सांगतो, ‘कस्टमर के साथ बात करो, स्माइल दो.’ मग बोलायला समोर काय असतं? सामानच.

त्यात आपल्याला वाण्याची सवय. रावपुऱ्यातला आमचा वाणी आजोबांना सरळ विचारायचा, ‘दादा, या वेळी तूप दोन किलो? कोण येतंय?’ आजोबांना त्यात काही वाटायचं नाही. पण त्या वाण्याकडे आमचं खातं होतं, महिन्याची उधारी होती. ज्याच्याकडे उधारी, त्याला चौकशीचा हक्क. सुपरमार्केटात गिऱ्हाईक रोख मोजतं किंवा क्यूआर स्कॅन करतं, आणि बरेच जण तर कुणी काही विचारू नये म्हणूनच तिथे येतात. हे मला तेव्हा कळलं नव्हतं.

तर बटाटे. माझ्या काउंटरवर दर गुरुवारी एक जैन बेन यायच्या. तुरीची डाळ, मूग, खाखरा, कच्ची केळी. बटाट्याच्या जागी त्यांच्यात भाजीला कच्ची केळी चालतात, कंदमूळ नाही. पर्युषणातल्या एका गुरुवारी त्यांच्या टोपलीत तळाशी एक पिशवी निघाली. भाजी विभागातच वजन करून स्टिकर लावतात, ते स्कॅन केलं तर स्क्रीनवर आलं, बटाटा, अर्धा किलो. आणि मी, ओळख असल्याच्या आनंदात, हसत म्हणाले, ‘बेन, आजे बटाका? पर्युषणमां?’

मागे रांगेत दोन बायका होत्या. त्यांतली एक यांच्याच सोसायटीतली असावी, कारण तिने मान वर केली आणि बेनचा चेहरा उतरला. ‘कामवाळी माटे छे,’ कामवालीसाठी आहेत, त्या हळू म्हणाल्या. मग लगेच, ‘रेवा दो, काढी नाखो.’

आता बिलातून वस्तू काढायची तर सुपरवायझरची चावी लागते. मी हाक मारली. तो पलीकडच्या काउंटरवरून ओरडला, ‘शुं काढवानुं छे?’ आणि मला उत्तर द्यावं लागलं, ‘बटाका!’ म्हणजे आसपासच्या ज्या चार माणसांना पहिल्यांदा ऐकू गेलं नव्हतं, त्यांनाही गेलं.

बेननी तक्रार केली नाही. पुढचे सहा-सात गुरुवार त्या शेजारच्या काउंटरवर उभ्या राहिल्या, तिथली रांग लांब असली तरी. ते बटाटे कुणासाठी होते ते मला आजही ठाऊक नाही.

तेव्हापासून मी एक पारख ठरवली, ती नव्यांना सांगते. तुमचं वाक्य ऐकून गिऱ्हाईक ‘हो’ किंवा ‘नको’ म्हणून मोकळं होत असेल तर खुशाल बोला. त्याला खुलासा द्यावा लागत असेल तर ते वाक्य गिळा. ‘यावर एक फ्री आहे, दुसरं घेतलं नाहीत’, ‘पाकीट खालून फाटलंय, बदलून देऊ?’, ‘दह्याची तारीख परवाची आहे, चालेल?’ ही बोलायची वाक्यं आहेत, आणि ती न बोलणं हा कामचुकारपणा आहे. ‘एवढी चॉकलेटं?’, ‘एकट्यासाठी एवढं?’, ‘साखर बंद केली वाटतं’ हा भोचकपणा. शब्द कितीही गोड असले तरी.

कौतुकसुद्धा सांभाळून. एका बाईंच्या टोपलीत ओट्स, नाचणीचं पीठ, पालक असं बघून मी म्हणाले, ‘वा, किती हेल्दी!’ त्या खूश झाल्या. मागचा जाडसर मुलगा मात्र आपल्या वेफर्सच्या पाकिटांवर हळूच टिश्यूचा रोल ठेवताना मला दिसला. मी त्याला काहीच बोलले नव्हते, तरी बोलले होते.

गुजरातेत एक वेगळंच पथ्य आहे. 1960 मध्ये राज्य झालं तेव्हापासून इथे दारूबंदी. आता शनिवारी संध्याकाळी सहा बाटल्या सोडा, लिंबं, खारी शिंग म्हणजे खारे दाणे आणि कागदी ग्लास असं सामान आलं की काउंटरवरची प्रत्येक मुलगी मनात हसते. माझ्या शेजारची एकदा मोठ्याने हसली, ‘पार्टी के, भाई?’ तो गृहस्थ गंभीरपणे म्हणाला, ‘पप्पाने गॅस छे.’ म्हणजे पप्पांना गॅस झालाय. आम्ही आठवडाभर ते वाक्य एकमेकींना ऐकवलं. पण विचार करा, रांगेत त्याच्या मागे कोण उभं होतं ते तिला कुठे माहीत होतं? तिला गंमत, त्याच्या गळ्याला फास.

मराठी गिऱ्हाइकांचं प्रकरण आणखी नाजूक. गुजरातीत ‘बेन’ म्हटलं की अंतर राहतं. मराठीत ‘अहो काकू’ म्हटलं की आपण नात्यातल्या होतो, आणि नात्यातल्या बाईचं बोलणं टोमणाच वाटतं. होळीच्या आदल्या दिवशी एका काकूंनी तयार पुरणपोळीची चार पाकिटं ठेवली. मी सहज म्हणाले, ‘काकू, पुरणपोळी विकतची?’ उत्तर आलं, ‘हो गं. पाठव तुझ्या आईला करायला.’ बरोबरच होतं त्यांचं. त्या कुठल्या तरी शाळेतून थेट आल्या होत्या, खांद्यावर पेपरांचा गठ्ठा होता, आणि तो मला पोळ्यांच्या आधी दिसायला हवा होता.

उलटही होतं, त्याची तयारी ठेवा. ‘कुठली तू? दांडिया बाजार? कुणाची गं?’ आणि मग, ‘बी.कॉम. करून इथे?’ याला मी पहिले काही महिने खुलासे देत बसायचे. नंतर नुसतं हसून ‘थैली लावल्या आहात का?’ विचारायला लागले. (म्हणजे पिशवी आणलीत का? हे आमचं बडोद्याचं मराठी. पुण्याच्या मावशीला ऐकवलं तर ती कपाळावर हात मारते.)

खासगी वस्तूंचं थोडं सविस्तर सांगते, कारण तिथे नव्या मुली हमखास अडखळतात. सॅनिटरी पॅड, कंडोम, प्रेग्नन्सी किट, मोठ्या माणसांचे डायपर, उवांचं औषध. यांतलं काही आलं की वेग वाढवू नका आणि कमीही करू नका. बिस्किटांसारखंच स्कॅन करा, आणि पिशवीत पिठाच्या आणि साबणाच्या मध्ये सरकवा. ‘काळी पिशवी देऊ?’ असं मोठ्याने विचारणं म्हणजे दवंडी पिटणं. तशाही त्या पातळ काळ्या पिशव्या आता नियमात बसत नाहीत. 31 डिसेंबर 2022 पासून 120 मायक्रॉनहून पातळ प्लास्टिकची कॅरीबॅग चालत नाही.

खरी पंचाईत होते बारकोड वाचला जात नाही तेव्हा. पाकीट चुरगळलेलं असतं, बीप येत नाही. नवी मुलगी काय करते? पाकीट हवेत धरून फ्लोअरवरच्या मुलाला ओरडते, ‘याचा भाव बघ रे!’ तसं करू नका. रेघांच्या खाली तेरा आकडे असतात, ते हाताने टाका. आपल्याकडे नोंदवलेल्या मालाचे बहुतेक 890 ने सुरू होतात. एखादा आकडा चुकला तर? मशीनच पकडतं, कारण शेवटचा आकडा पडताळणीचा असतो. उदाहरणाला 8901234567890 घ्या. पहिल्या बारांपैकी एकाआड एक आकडे, 8, 0, 2, 4, 6, 8, यांची बेरीज 28. उरलेल्या 9, 1, 3, 5, 7, 9 यांची बेरीज 34, तिची तिप्पट 102. दोन्ही मिळून 130. पुढच्या दहाच्या पटीला किती कमी? शून्य. म्हणून तेरावा आकडा 0. एक आकडा जरी चुकीचा दाबला तरी हे गणित बसत नाही आणि मशीन नकार देतं. म्हणजे न घाबरता टाका. मला तेरा आकडे टाकायला सहा सेकंद लागायचे. आरोळीने त्या बाईची जी अवस्था होते, त्यापुढे सहा सेकंद काय?

मोबाइल नंबरचंही तेच. पॉइंट्ससाठी नंबर विचारायला दुकान सांगतं, पण गिऱ्हाईक नको म्हणालं तर बिल अडवायचं नाही. मे 2023 मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने दुकानांना तसं बजावलंय. आणि देणार असेल तर कीपॅड त्याच्यापुढे करा. कॉलेजातल्या मुलीला भर रांगेत दहा आकडे मोठ्याने म्हणायला लावू नका. मागे उभा असलेला कुणीही लिहून घेऊ शकतो.

पैसे कमी पडतात तेव्हा काय करायचं, हे मला कुठल्याच ट्रेनिंगमध्ये सांगितलं नव्हतं. महिनाअखेरीला रोज एक-दोन वेळा होतं. एक बाप आणि लहान मुलगी आली होती, बिल झालं 640, त्याच्याकडे सहाशे. मी मदत म्हणून रंगांची पेटी उचलली, ‘हे काढू?’ मुलीने माझ्याकडे जे बघितलं ते बघितलं. बापाने शांतपणे शाम्पू बाजूला केला. काय काढायचं ते आपण ठरवायचं नसतं. स्क्रीन त्यांच्याकडे वळवायची आणि थांबायचं, बस. सुपरवायझरशी मी तोवर खूण ठरवली होती, दोन बोटं वर केली की चावी घेऊन ये, ओरडू नको. बटाट्यांनंतर तेवढं शहाणपण आलं होतं.

मग अजिबात बोलायचंच नाही का? तसंही नाही. दुपारी चारला, रांग नसताना, कारेलीबागेहून एक आजोबा यायचे. एक दिवस साबण, एक दिवस ब्रेड, एक दिवस नुसती काडेपेटी. त्यांना सामान नकोच असायचं. नेदरलँडमधल्या युंबो नावाच्या सुपरमार्केटने 2019 मध्ये घाई नसलेल्यांसाठी गप्पांचं वेगळं काउंटरच सुरू केलं, असं मी नंतर वाचलं तेव्हा हेच आजोबा आठवले. पण तिथेही विषय त्यांचा असायचा. सयाजीबागेतली खेळण्याची आगगाडी, क्रिकेट, मुलाचा फोन. मी काडेपेटीबद्दल काही विचारलं नाही.

अजून एक. पाय दुखायला लागले की जीभ सुटते. माझी बहुतेक चुकीची वाक्यं रात्री आठनंतरची आहेत. केरळने 2018 मध्ये आणि तामिळनाडूने 2021 मध्ये दुकानातल्या कामगारांना बसायची सोय द्यायचा कायदा केला. आमच्याकडे स्टूल नव्हतं. दिवाळीच्या आठवड्यात सहा-सहा तास उभं राहायचं, गल्ला दोनशेने शॉर्ट आला तर ते पगारातून जायचे. बूट मऊ तळव्याचे घ्या, सँडल नको. मधल्या दहा मिनिटांत मोबाइल बघू नका, बसा.

भरती बहुतेक नवरात्रीच्या आधी निघते, दिवाळीची गर्दी धरून. आधार, पॅन, पासबुकाची झेरॉक्स आणि दोन फोटो जवळ ठेवा. ट्रायलला नकली टोपली देतात. शेवटच्या वर्षी आमच्याकडे ती टोपली मीच भरायचे: दोन सोडा, लिंबं, मोठ्यांचे डायपर, अर्धा किलो बटाटे, चुरगळलेल्या बारकोडाचं एक पाकीट, आणि खाली तारीख उलटून गेलेलं पनीर. त्या वर्षी सात मुली आल्या. पाच जणी सोडा बघून हसल्या, एकीने डायपर आल्यावर माझ्याकडे बघितलं. सातवी काहीच बोलली नाही. पनीर उचललं, उलटं केलं आणि म्हणाली, ‘ताई, हे एक्सपायर झालंय, दुसरं आणून देऊ?’ तिला त्याच संध्याकाळी दोन नंबरचा काउंटर दिला.