बऱ्याच वर्षांनी पुन्हा मोटारसायकल: आधी डावा हात सुधारा

दहा-पंधरा वर्षं ॲक्टिव्हा नाहीतर चारचाकी चालवून पुन्हा गिअरच्या गाडीवर बसताना भीती वाटते ती तोल जायची. तोल सहसा जात नाही. चुकतो तो डावा हात. स्कूटरला डाव्या मुठीत मागचा ब्रेक असतो, मोटारसायकलला क्लच. समोर कुत्रं आडवं आलं की सवयीनं डावी मूठ आवळली जाते, क्लच दबतो, इंजिनाचा अटकाव जातो आणि गाडी मोकळी पळत राहते. मागचा ब्रेक ज्यानं दाबायचा तो उजवा पाय तोवर फूटरेस्टवर निवांत. ही सवय मोडल्याशिवाय कोल्हापुरात महाद्वार रोडच्या गर्दीत शिरूच नका.

दुसरा घोळ गिअरचा. स्प्लेंडरला सगळे गिअर पुढे दाबून पडतात. आजच्या बहुतेक 125-150 सीसी गाड्यांना पहिला खाली आणि बाकीचे वर. जुन्या सवयीनं तिसऱ्यातून चौथा टाकायला पाय दाबला तर दुसरा पडतो आणि मागचं चाक झटका खातं. गाडी मेन स्टँडवर घेऊन, इंजिन बंद ठेवून, मागचं चाक हातानं फिरवत गिअर टाकून बघा. मित्राची गाडी घेतली तरी हे आधी.

गाडी जुनीच असेल आणि वर्षानुवर्षं उभी असेल तर लगेच किक मारू नका. एअर फिल्टरचा डबा उघडा. उंदरांनी चिंध्या भरलेल्या असतात. सायलेन्सरच्या तोंडात कुंभारमाशीचं मातीचं घर आहे का बघा. टाकीतलं पेट्रोल पूर्ण काढा. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल हवेतलं पाणी ओढतं, ते तळाला बसतं आणि टाकी आतून गंजते. कार्बोरेटर असेल तर खालच्या वाटीचा ड्रेन स्क्रू सोडून साचलेलं काढा. चोक ओढून चालू होते पण चोक सोडला की बंद पडते, याचा अर्थ पायलट जेट (कार्बोरेटरमधलं, मंद चालीला पेट्रोल देणारं बारीक भोक) चोंदलंय. बॅटरी उभ्या गाडीत 12.6 व्होल्टच्या आसपास हवी. 12 च्या खाली असेल तर चार्जिंगला लावा, आणि चार्ज धरत नसेल तर बदला. टायरवर चार आकडे असतात: 2318 म्हणजे 2018 सालचा तेविसावा आठवडा. नक्षी शाबूत असली तरी बाजूला भेगा पडलेला टायर काढूनच टाका. डिस्क ब्रेकचं ऑइल दर दोन वर्षांनी बदलायचं असतं. इंजिन ऑइलही नवं घाला, गाडी कमी चाललीय हे कारण चालत नाही.

क्लच प्लेटा चिकटल्या असतील तर क्लच दाबूनही गिअर टाकताच गाडी उडी मारून बंद पडते. इंजिन न्यूट्रलमध्ये दहा मिनिटं गरम करा, बंद करा, गिअर टाका, क्लच दाबून धरा आणि गाडी मागे-पुढे ढकला. बहुतेक वेळा सुटतात.

सरावाला सुट्टीच्या दिवशी सकाळी गोकुळ शिरगाव एमआयडीसीतला एखादा मोकळा, वाळू नसलेला रस्ता धरा. रस्त्यावर खडूनं रेघ मारा. ताशी 20 नं या आणि रेघेपासून थांबायला लागा. जमलं की 30, मग 40. पुढचा ब्रेक दोन बोटांनी आधी हलका दाबायचा, वजन पुढच्या शॉकॲबवर आलं की जोर वाढवायचा. मागचा सोबत. क्लच अगदी शेवटी, गाडी थांबायच्या बेतात असताना. वजन पुढे येत असल्यामुळे थांबवायची खरी ताकद पुढच्या चाकात असते. नुसता मागचा दाबला की चाक लॉक होऊन गाडी फरफटते. हँडल वळलेलं असताना मात्र पुढचा ब्रेक जोरात दाबू नका. एबीएस (चाक लॉक होऊ न देणारी ब्रेकची यंत्रणा) असेल तर लिव्हर थरथरतो, सोडू नका. वीस-पंचवीस वेळा करा, आणि डावा हात आधी आवळला तर ती फेरी मोजू नका.

मग टेंबलाईच्या चढावर थांबून निघायचा सराव. डावा पाय जमिनीवर, उजवा ब्रेकवर. बरेच जण उजवा पाय टेकतात आणि गाडी मागे घरंगळते.

पन्हाळा पहिल्या आठवड्यात नको. जाल तेव्हा वाघबीळच्या पुढे ज्या गिअरनं चढलात त्याच गिअरनं उतरा. उतारभर ब्रेक दाबून ठेवला की लायनर तापतात आणि ब्रेक पकडत नाही.

कागदपत्रं: लायसन्स संपून वर्ष उलटलं असेल तर पुन्हा टेस्ट द्यावी लागते, चाळिशीनंतर वैद्यकीय दाखलाही. आरसी, म्हणजे गाडीची नोंदणी, 15 वर्षांची असते. विमा आणि पीयूसी आहेच. जुनं हेल्मेट असेल तर टाकून द्या. आतला फोम बसलेला असतो.

ऊसतोडीचा हंगाम सुरू झाला की राधानगरी रोडला अंधार पडायच्या आत परत या. डबल ट्रॉलीला मागे दिवा असेलच असं नाही, आणि मागची ट्रॉली झोल खाते. ओव्हरटेक करायचं तर आधी दहा-पंधरा मीटर मागे राहा म्हणजे पुढचं दिसेल. चिकटून राहिलात तर दिसतो फक्त ऊस. पुढे दोन्ही ट्रॉल्या आणि ट्रॅक्टर एका दमात पार होतील एवढा रस्ता रिकामा दिसला तरच निघा. जिथे ट्रॅक्टर शेतातून रस्त्यावर येतो तिथे चिखल आणि पाला असतो. त्यावरून सरळ जायचं, ब्रेक लावायचा तो आधीच.