मॅस्टोडॉनवर हिरवी खूण उमटत नाही? या चुका टाळा

वेबसाइट तुमची, मॅस्टोडॉन या अनेक स्वतंत्र सर्व्हरवर चालणाऱ्या सोशल नेटवर्कवरचं खातंही तुमचंच. पण दोन्हींमागे एकच माणूस आहे हे वाचणाऱ्याला कसं कळावं? त्यासाठी कागदपत्रं लागत नाहीत, पैसे लागत नाहीत. खात्यावरून साइटकडे एक दुवा आणि साइटवरून खात्याकडे 'रेल-मी' लावलेला परतीचा दुवा, बस. मग खात्यावरच्या साइटच्या दुव्याला हिरवी खूण मिळते. 'रेल' हा दुव्याचा गुणधर्म, आणि त्यात रोमन लिपीत लिहायचं एम-ई. उच्चारही 'मी', अर्थही 'हा मीच'. २००३ साली आलेल्या एक्सएफएन या, माणसांमधली नाती दुव्यातच नोंदवण्याच्या खुल्या प्रमाणाच्या परंपरेतली ही पद्धत मॅस्टोडॉनने २०१८ मध्ये, २.६ या आवृत्तीत स्वीकारली.

एवढं सोपं असूनही खूण अडते. माझी एक अख्खी संध्याकाळ यात गेली, म्हणून तीच चूक आधी सांगतो. 'दुवा नव्या टॅबमध्ये उघडा' यावर टिचकी मारली तेव्हा साइटच्या एडिटरने आपणहून 'रेल'मध्ये 'नोओपनर' आणि 'नोरेफरर' हे दोन शब्द घातले होते. मी त्याच टॅगच्या शेवटी दुसरं 'रेल' लिहून त्यात एम-ई टाकलं. एचटीएमएलचा नियम असा की एका टॅगमध्ये तोच गुणधर्म दोनदा आला तर पहिला धरायचा, दुसरा सोडून द्यायचा. मला तो दुसरा समोर दिसत होता, मॅस्टोडॉनच्या सर्व्हरच्या लेखी तो नव्हताच. 'रेल' एकदाच लिहा आणि सगळे शब्द एकाच अवतरणात, मध्ये जागा सोडून ठेवा.

काही एडिटर सेव्ह करताना एम-ई काढूनच टाकतात. म्हणून तपासताना ब्राउझरच्या 'व्ह्यू पेज सोर्स'मध्ये शोधा, 'इन्स्पेक्ट'मध्ये नको. इन्स्पेक्टमध्ये जावास्क्रिप्ट चालून गेल्यानंतरचं पान दिसतं. मॅस्टोडॉनचा सर्व्हर जावास्क्रिप्ट चालवत नाही, त्याला कच्चं एचटीएमएलच मिळतं. दुवा पानावर दिसायला नको असेल तर तो एचटीएमएलच्या 'हेड' या न दिसणाऱ्या भागात 'लिंक' टॅगने द्या, तोही चालतो.

पत्ता उचलतानाही घोळ होतो. दुसऱ्या सर्व्हरवरून आपलं प्रोफाइल उघडून कॉपी केलं तर पत्त्यात तो सर्व्हर आधी येतो आणि नावाला शेपटासारखा आपला सर्व्हर चिकटतो. हा पत्ता नको. आपल्याच सर्व्हरवरचा, साधा 'अॅट' आणि नाव असलेला घ्या. खात्यात साइटचा पत्ता लिहिताना 'एचटीटीपीएस'पासून पूर्ण लिहा. साइटवर 'लवकरच येत आहे'चा पडदा असेल किंवा फायरवॉल अनोळखी सर्व्हरला अडवत असेल, तर तपासणी दारातूनच परत जाते.

हे सगळं दुरुस्त करूनही खूण नाही? मग प्रोफाइल पुन्हा एकदा सेव्ह करा. तपासणी त्या क्षणी सुरू होते. साइट बदलली हे मॅस्टोडॉनला आपोआप कळत नाही.

आता मला सगळ्यात काळजी वाटते ती गोष्ट. खुणेवर माऊस नेला की तपासणीची तारीख दिसते. म्हणजे ही खूण त्या दिवसाची आहे, आणि ती सांगते इतकंच की दोन्ही पानं एकाच्या ताब्यात होती. खरं नाव काय, माणूस कोण, याबद्दल ती काहीच बोलत नाही. डोमेनची मुदत संपली आणि ते दुसऱ्याने घेतलं, तर तो स्वतःच्या खात्याकडे दुवा लावून तुमच्या जुन्या पत्त्यावर हिरवी खूण मिळवू शकतो. डोमेनचं ऑटो-रिन्यू चालू ठेवा. साइट सोडणारच असाल, तर मुदत संपायच्या आधी सगळ्या खात्यांवरून तिचा दुवा काढा आणि नवा पत्ता लोकांना त्याच खात्यावरून कळवा.