बी फार्मसाठी सीईटी देताय? पुस्तकं घ्यायच्या आधी हे वाचा

मागच्या आठवड्यात डोंबिवलीहून मावशीचा फोन. "अगं तू फार्मसीवाली ना, जरा याला समजाव, घरात सहा जाडजूड पुस्तकं पडलीयत नि आता म्हणतोय अजून दोन हवीत, ठेवायची कुठे?" तो म्हणजे माझा मावसभाऊ, बारावी सायन्स, पीसीबी ग्रुप (फिजिक्स-केमिस्ट्री-बायो), बी फार्म म्हणजे फार्मसीची डिग्री करायचीय. त्याला फोनवर तासभर जे सांगितलं तेच इथे लिहून काढतेय, कारण दरवर्षी कोणी ना कोणी विचारतंच आणि मी दरवर्षी तीच टकळी सुरू करते.

पहिली गोष्ट, दुकानात जायच्या आधी परीक्षा कशी आहे ते बघा. माप न देता ब्लाऊज शिवायला टाकतं का कोणी? आपल्याकडे बी फार्मला एमएचटी-सीईटी, म्हणजे महाराष्ट्राची प्रवेश परीक्षा लागते, पीसीएम (बायोच्या जागी मॅथ्स) दिली तरी चालते, पीसीबी दिली तरी चालते. फिजिक्सचे ५० आणि केमिस्ट्रीचे ५० प्रश्न मिळून ९० मिनिटं, मग बायोचे १०० प्रश्न, त्यालाही ९० मिनिटं, सगळे एकेका मार्काचे. मॅथ्सवाल्यांना बायोच्या जागी ५० प्रश्न, प्रत्येकी २ मार्क. निगेटिव्ह मार्किंग नाही. म्हणजे पीसीबीवाल्याला एका प्रश्नाला ५४ सेकंद मिळतात, हा आकडा लक्षात ठेवा, पुढे पुस्तक निवडताना लागेल. (डी फार्म, म्हणजे डिप्लोमा करायचा असेल तर सीईटीची गरजच नाही, बारावीच्या मार्कांवर होतं, उगाच पैसे घालू नका.)

आता सगळा घोळ कुठे होतो तर ही परीक्षा घेणारं सीईटी सेल म्हणतं की फिजिक्स-केमिस्ट्रीची काठिण्यपातळी इंजिनिअरिंगच्या जेईई मेनसारखी नि बायोची मेडिकलच्या नीटसारखी, आणि हे वाचलं की लोक थेट जेईई-नीटची पुस्तकं उचलतात. अरे पण पातळी त्यांची असली तरी सिलॅबस आपल्या स्टेट बोर्डाचा आहे! मी स्वतः हेच केलं. आमच्या क्लासने पहिल्याच दिवशी नीटच्या मॉड्यूल्सचा (क्लासने छापलेल्या पुस्तकांचा) गठ्ठा हातात दिला, उचलून घरी आणताना रिक्षाच करावी लागली, आणि मी बिचारी इमाने इतबारे बारावीचा भाग म्हणून लिहिलेलं सगळं सोडवत बसले. डिसेंबरमध्ये कळलं की माझ्या बारावीच्या निम्म्या चॅप्टरना मी हातच लावलेला नाही. कारण रोटेशनल डायनॅमिक्स, ऑसिलेशन्स, थर्मोडायनॅमिक्स, आयॉनिक इक्विलिब्रिया हे आपल्याकडे बारावीला आहे नि एनसीईआरटीत, म्हणजे नीट-जेईई ज्यावर चालते त्या केंद्राच्या पुस्तकांत, अकरावीला. बायोचंही तसंच, श्वसन-रक्ताभिसरण, कंट्रोल अँड कोऑर्डिनेशन, आपल्या बारावीत, त्यांच्या अकरावीत. वर एनसीईआरटीने २०२३ पासून सॉलिड स्टेट, पॉलिमर्स, सरफेस केमिस्ट्री, बायोतलं झाडांचं पाणी नि मिनरल्स काढून टाकलंय, आपल्या पुस्तकांत ते सगळं आहे, आणि ग्रीन केमिस्ट्री-नॅनोकेमिस्ट्री असा अख्खा शेवटचा चॅप्टर आहे तो तर त्यांच्याकडे नाहीच. मॉड्यूल वाईट नव्हती हो, पण कल्याण लोकलमध्ये बसून विरारला कसं पोचणार.

तर नंबर एक बालभारतीची, म्हणजे स्टेट बोर्डाची पुस्तकं, अकरावी नि बारावी दोन्ही. पीडीएफ बालभारतीच्या साइटवर फुकट आहे पण माझं ऐका, छापील घ्या, मार्जिनमध्ये लिहिता येतं नि फोन हातात घेतला की काय होतं ते सगळ्यांना माहितीय. आणि फक्त मोठा मजकूर वाचून पुढे जाऊ नका, ते रंगीत चौकोन असतात ना, 'डू यू नो', 'रिमेंबर', आकृत्यांखालच्या बारीक ओळी, टेबलं, बायोचे प्रश्न तिथून उचलले जातात. आमच्याकडे ते चौकोन शोभेचे समजून सोडायची पद्धत होती.

अकरावीचं वेटेज साधारण २० टक्के नि बारावीचं ८०. अकरावीचे सगळे धडे नसतात, यादी सीईटी सेलच्या माहितीपत्रकात येते, त्या वर्षीची यादी डाऊनलोड करून पुस्तकाच्या अनुक्रमणिकेवर पेन्सिलीने टिक करा, पंधरा मिनिटांचं काम आहे. आता गंमत बघा. गेली काही वर्षं बायोत अकरावीचे चारच चॅप्टर आहेत: बायोमॉलिक्यूल्स, रेस्पिरेशन अँड एनर्जी ट्रान्सफर, ह्यूमन न्यूट्रिशन, एक्स्क्रिशन अँड ऑस्मोरेग्युलेशन. १०० प्रश्नांतले सुमारे २० या चारांवर. केमिस्ट्रीत मात्र अकरावीचे चॅप्टर याच्या दुप्पट तरी आणि प्रश्न साधारण १०. मग आधी कुठे बसायचं? तरी पोरं अकरावीची बायो "नंतर बघू" म्हणून ठेवतात नि मोल कन्सेप्टवर महिना काढतात.

नंबर दोन, एमसीक्यूचं (चार पर्यायांच्या प्रश्नांचं) पुस्तक. दर विषयाला एक. एकच. दोन घेतली की दोन्ही पहिल्या तीन चॅप्टरपर्यंतच सुटतात, कोणाच्याही घरी जाऊन बघा. कुठल्या पब्लिकेशनचं ते मी सांगत नाही, चाळून ठरवा, आणि चाळायचं कसं ते सांगते.

केमिस्ट्रीचं असेल तर आयॉनिक इक्विलिब्रिया काढा. तिथे हमखास एक प्रश्न असतो, एचसीएलचं कॉन्सन्ट्रेशन १०चा उणे ८वा घात मोलार असेल तर पीएच किती. घाईत माणूस म्हणतो ८. (सातच्या खाली अ‍ॅसिड, वर बेस.) पण अ‍ॅसिड कितीही पातळ केलं तरी बेस होईल का? पाण्याचे स्वतःचे हायड्रोजन आयन धरावे लागतात, मग उत्तर ६.९८च्या आसपास येतं, सातच्या जरासं खाली. पुस्तकात उत्तर ८ दिलं असेल तर तिथल्या तिथे मिटून ठेवा. उत्तर बरोबर आहे पण का ते लिहिलंच नाही, तरी विचार करा. दोन ओळींत पाण्याचा मुद्दा सांगितला असेल तर लेखकाने पोरांना शिकवलेलं आहे, ते घ्या.

फिजिक्सचं असेल तर ग्रॅव्हिटेशन. सॅटेलाइटची ऑर्बिट त्रिज्या चौपट केली तर पिरियड, म्हणजे एका फेरीचा वेळ, किती पट? ज्या पुस्तकात जी, एम, सगळं मांडून अर्धं पान भरलंय ते बोर्डाच्या लेखी परीक्षेसाठी ठीक, सीईटीला नाही. पिरियड त्रिज्येच्या दीड घाताने वाढतो, म्हणून चारचा दीड घात, म्हणजे आठपट, एका ओळीत संपलं पाहिजे. ५४ सेकंद आठवतायत ना?

बायोसाठी वेगळी परीक्षा लागत नाही, फक्त प्रश्न बालभारतीच्या क्रमाने लावलेत का ते बघा, नाहीतर निम्मा वेळ चॅप्टर शोधण्यात जातो.

जुनी पुस्तकं घ्यायला काहीच हरकत नाही, उलट घ्याच. माटुंग्याला किंग्ज सर्कलच्या फुटपाथवर किंवा फोर्टात फ्लोरा फाउंटनजवळ मिळतात, भाव करायचा, लाजायचं नाही. पण आतलं पहिलं पान उघडून साल बघा. अकरावीचं नवं पुस्तक २०१९ला आलं, बारावीचं २०२०ला, म्हणून २०२१च्या आधीचं सीईटीचं काहीही असेल तर ते जुन्या सिलॅबसचं, फुकट दिलं तरी नको. मग उत्तरांवर टिक केलेल्या आहेत का ते बघा. पेनाने टिक असतील तर सोडून द्या, डोळा आपोआप तिथेच जातो, आणि आपल्याला वाटतं आपल्याला येतंय. मी एकदा बायोचं असं एक घेतलं, आधीच्या मालकाने इतक्या आत्मविश्वासाने चुकीच्या टिका केलेल्या की दोन आठवडे मी त्याच्यावर विश्वास ठेवून चालले होते.

नंबर तीन, आधीचे पेपर. परीक्षा कॉम्प्युटरवर, बऱ्याच दिवसांत, वेगवेगळ्या शिफ्टमध्ये होते, म्हणून एका वर्षाचे पुष्कळ पेपर असतात आणि त्यातले काही सोपे काही कठीण. म्हणूनच मार्क न देता नॉर्मलाइज करून (शिफ्टमधला फरक भरून काढून) पर्सेंटाइल देतात, म्हणजे शंभरातल्या किती जणांच्या पुढे आहात ते. त्यामुळे "अमक्याला १३० पडले, मला ११८" असली तुलना वेगळ्या शिफ्टमध्ये निरर्थक आहे, आणि क्लासच्या चाळीस पोरांतला पर्सेंटाइल तर त्याहून निरर्थक. पेपर घेताना चॅप्टरवाइज तोडलेले नकोत, अख्खे घ्या. चॅप्टरवाइज आधीच एमसीक्यूच्या पुस्तकात आहेत की. आठवड्याला एक, घड्याळ लावून, स्क्रीनवर, कच्चं काम वेगळ्या कागदावर. स्क्रीनवर वाचून कागदावर गणित करायची सवय नसली की पहिले दहा मिनिटं नुसती मान खालीवर होते.

टेलिग्रामवरच्या पीडीएफ? आमच्या ग्रुपवर कोणीतरी दोनशे फाइल टाकल्या होत्या, मी एकही उघडली नाही, खोटं कशाला बोलू. व्हिडिओ एखादा न कळलेला टॉपिक समजून घ्यायला ठीक, रोज नाही.

एक गोष्ट मात्र विकत मिळत नाही. ऑरगॅनिकच्या रिअ‍ॅक्शनची स्वतःच्या हाताने लिहिलेली वही. हॅलोजन डेरिव्हेटिव्हपासून अमाइन्सपर्यंत, नाव, रिएजंट (कशाबरोबर रिअ‍ॅक्शन होते ते), काय बनतं, बस. माझी खिशात मावेल एवढी होती, भांडुप ते दादर उभ्याने, एक हात वरच्या कडीला नि एका हातात वही, गर्दीच्या वेळी मोठं पुस्तक उघडायची सोयच नसते.

तर मावसभावाकडे आता टेबलावर बालभारतीची सहा, एमसीक्यूची तीन आणि पेपरांचा एक संच आहे. नीटचे दोन ठोकळे मावशीने दिवाणात टाकलेत, म्हणजे संपलंच ते. त्याला म्हटलं सगळ्यात पेन्सिलीनेच लिही रे बाबा, तर म्हणतो का ताई? म्हटलं धाकटी दहावीला आहे, आणि मावशी परत पैसे देणार नाहीये.