विषाणूच्या आधी चेतापेशी

प्रयोगशाळेत वाढवलेल्या मानवी चेतापेशींवर (मज्जासंस्थेच्या पेशींवर) विषाणूंचा अभ्यास करायचा, असं हे काम. त्याला येणारा जवळजवळ प्रत्येक जण विषाणूच्या ओढीने येतो आणि पुढे कितीतरी दिवस विषाणूच्या कुपीला हातही लावत नाही. आधी मूळपेशी, म्हणजे ज्यांच्यापासून इतर पेशी घडवता येतात त्या, वाढवा, त्यांच्यापासून चेतापेशी घडवा, मग त्या परिपक्व होईपर्यंत थांबा. पेशींना रविवार कळत नाही, मीडिया, म्हणजे त्यांचा पोषक द्रव, बदलायला जावंच लागतं. हे पटत नसेल तर दुसरा विषय निवडलेला बरा.

उंदीर सोडून एवढा खटाटोप कशासाठी? कांजिण्यांचा विषाणू घ्या. कांजिण्या बऱ्या झाल्यावर तो चेतागुच्छांत, म्हणजे चेतापेशींच्या गाठींत, दडून बसतो आणि कधीतरी नागीण होऊन उठतो. उंदराला मात्र त्याच्यापासून हा आजार होत नाही. २००७ मध्ये माणसाच्या त्वचेतल्या पेशींपासून बहुक्षम (कोणत्याही प्रकारची पेशी बनू शकणाऱ्या) मूळपेशी तयार झाल्या आणि मानवी चेतापेशी मिळवण्याची वाट खुली झाली.

२०१३ मध्ये मेंदूचे ऑर्गनॉइड, म्हणजे मूळपेशींपासून वाढवलेले मेंदूसारखे छोटे गोळे, आले. २०१६ मध्ये झिका विषाणू मेंदूच्या जनक पेशींना (ज्यांच्यापासून चेतापेशी बनतात त्यांना) कसा मारतो, हे त्यांच्यातच दिसलं. तेव्हापासून नव्या विद्यार्थ्याला पहिल्या दिवसापासून ऑर्गनॉइडच हवं असतं. माझं मत थोडं वेगळं आहे. ऑर्गनॉइडमध्ये रक्तवाहिन्या नसतात, म्हणून तो मोठा झाला की प्राणवायूअभावी आतल्या पेशी मरू लागतात. मग त्या विषाणूने मेल्या की आपोआप? शेजारशेजारचे दोन ऑर्गनॉइडही एकसारखे निघत नाहीत.

विषाणू त्वचेतल्या चेतांच्या टोकापासून पेशीपर्यंत कसा पोचतो, हा प्रश्न असेल तर दोन कप्प्यांची साधी चिप पुरते. एका कप्प्यात पेशी, दुसऱ्यात अतिशय बारीक खाचांमधून गेलेले त्यांचे अक्षतंतू, म्हणजे पेशींचे लांब धागे. विषाणू फक्त तंतूंच्या बाजूला घालायचा आणि पेशींच्या कप्प्यात द्रवाची पातळी किंचित जास्त ठेवायची. मग प्रवाह तंतूंकडे राहतो आणि विषाणू पाझरून पलीकडे जात नाही. मला ही युक्ती अजूनही महागड्या उपकरणांपेक्षा जास्त आवडते.

खरी कसोटी सुप्तावस्थेची, म्हणजे विषाणू पेशीत गुपचूप दडून राहण्याची. नागिणीच्या आणि हर्पिसच्या विषाणूंवर काम करताना बरेच जण संसर्गाच्या वेळी असायक्लोव्हिर हे विषाणूची वाढ रोखणारं औषध देतात आणि नंतर काढून घेतात. पेशी वाढवलेली प्लेट शांत दिसली म्हणजे विषाणू सुप्त आहे, असं मात्र नाही. तो नाहीसाही झालेला असू शकतो. पेशीत त्याचा डीएनए सापडला पाहिजे, बाहेर संसर्गक्षम कण नकोत, आणि चेतवल्यावर ते कण पुन्हा दिसले पाहिजेत. तिन्ही जमल्याशिवाय ‘सुप्त’ लिहू नका. शिवाय शरीरात त्याच्यावर पहारा देणाऱ्या टी-पेशी (रोगप्रतिकारक पेशी) प्लेटमध्ये नसतात, म्हणून निष्कर्ष बेताचेच काढा.

प्रयोगशाळा निवडताना तिथल्या शोधनिबंधांबरोबर हेही विचारा: मायकोप्लाझ्माची (पेशींच्या प्लेटमध्ये नकळत शिरणाऱ्या जिवाणूंची) तपासणी नियमित होते का, मूळपेशींची गुणसूत्रं मधूनमधून पाहतात का, आणि एकच प्रयोग वेगवेगळ्या दात्यांच्या पेशींवर करून बघतात का.